वेंकोबामामांची जपानी चौकशी

वेंकोबामामा रोज सकाळी आंघोळीआधी हवा मोजत.

हवा म्हणजे लॉरीच्या ट्यूबमधली. त्यांच्या माजघरात ठिगळं लावलेली एक जुनी ट्यूब भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. संध्याकाळी ती सायकलच्या पंपाने फुगवायची, शिंप्याच्या फितीने तिचा घेर मोजायचा आणि आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. सकाळी पुन्हा मोजायचा. सकाळचा आकडा कमीच भरायचा. मग मामा ओट्यावर येऊन साऱ्या गल्लीवर नजर फिरवत म्हणायचे, "कोणी तरी हवा काढून नेतो."

"ट्यूब जुनी आहे मामा, गळत असेल."

"गळते तर रोज सारखी गळावी. काल अर्धा इंच गेली, आज पाऊण. सरी, पण कां?"

'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. "सरी, पण कां?" हा मामांचा प्रश्न कुंभकोणमच्या बाजारात बहुतेकांनी ऐकला होता. कॉफीवाल्याने ऐकला होता, कारण मामांना कॉफीत चिकोरी मिसळल्याचा संशय. पाट्या रंगवणाऱ्याने ऐकला होता, कारण तो नमस्कार फार वाकून करायचा. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. आमचे पूर्वज जी भाषा घेऊन इथे आले तीच आम्ही तमिळची फोडणी देऊन बोलतो, पण मामांच्या तोंडी तीसुद्धा उलटतपासणीसारखी वाटायची. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि वडिलांबरोबर मामांच्या शेजारच्या घरात राहत होते. मला ते 'टीचरम्मा' म्हणत. मी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आले तर त्याचंही कारण त्यांना द्यावं लागे.

मामांचा धंदा तसबिरींचा. घरातलं कोणी गेलं की लोक एखादा जुना, पिवळा पडलेला फोटो घेऊन यायचे. मामा तो मोठा करवून आणायचे, मग त्यावर रंग चढवायचे. रंग कुंचल्याने नाही, एअरब्रशने. पेनाएवढं पितळी यंत्र, वर रंगाची इवलीशी वाटी, आत एक सुई, मागून ट्यूबमधली हवा. बोटाने खटका दाबला की रंगाचं धुकं उडायचं आणि मेलेल्या माणसाच्या गालावर तजेला यायचा. गल्लीत त्या यंत्राला आम्ही 'फुंकणी' म्हणत असू. मामांना तो अपमान वाटे.

गिऱ्हाइकांवरही विश्वास नव्हताच. एकदा पट्टीश्वरमचा एक भाताचा व्यापारी वडिलांची तसबीर करून घ्यायला आला. मामांनी विचारलं, "केव्हां गेले?" तो चाचरला. मामांनी काम हातात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बस पकडून पट्टीश्वरमला गेले, तर वडील ओसरीवर बसून इडली खात होते! मुलाने सगळी तयारी आधीच करून ठेवायची ठरवली होती. मामांना वाटलं, आता इथे मोठं भांडण पेटणार. पण म्हाताऱ्याने फोटो हातात घेतला, न्याहाळला आणि म्हणाला, "मिशी जरा काळी करा. आणि घाई नाही म्हणून सांगा त्याला."

तर अशा माणसाने एके दिवशी माझ्याकडे येऊन जपानला पत्र लिहायला सांगितलं.

यंत्राची सुई वाकली होती. मद्रासच्या दुकानदाराने नवी दिली होती, पण ती खरी कशावरून? यंत्र जपानातल्या ज्या घरात बनलं होतं त्या घरालाच विचारायला हवं. यंत्राच्या डबीवर पत्ता होता आणि त्यांचं आडनावही, पण ते मामांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते त्यांना 'जपानकार' म्हणत.

मी लिहिलं: कृपया दोन सुया पाठवाव्यात. मामांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाले, "येवढेंच? त्यांस विचारा, सुई कोण घासतो."

"मामा, ते कारखानदार आहेत."

"कारखाना सुई घासत नाहीं टीचरम्मा. माणूस घासतो. कोण, तें विचारा."

मी निमूटपणे विचारलं. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सुबक टाइप केलेलं इंग्रजी, खाली लाल शिक्का. सुई मालक स्वतः घासतात, वय अडुसष्ट. थोरला मुलगा लेथवर नळी काततो. धाकटा फिरून माल विकतो. सोबत दोन सुया आणि दोन कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एक रेघ होती, जाड सुरू होऊन बारीक, मग केसाएवढी, मग नाहीशी. प्रत्येक सुई बांधण्याआधी मालक ती यंत्रात घालून अशी एक रेघ काढून बघतात, असं लिहिलं होतं.

मामांनी भिंग घेऊन त्या रेघा तासभर तपासल्या. मग म्हणाले, "हात बरा आहे. पण हा माणूस आधीं काय करीत होता?"

असं ते सुरू झालं आणि चार वर्षं चाललं. मामा प्रश्न विचारत, जपानकार उत्तर देत. त्या घरातली माणसंही बहुधा तितकीच विचित्र असावीत, कारण त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही. म्हाताऱ्याचे वडील तंबाखू ओढायच्या लांब नळ्यांना धातूची तोंडं बसवून द्यायचे. सिगारेटी आल्या, नळ्या गेल्या, धंदा बसला. एका फोटोग्राफरने परदेशी एअरब्रश दुरुस्तीला आणून दिला. तेव्हा तरुण असलेल्या या म्हाताऱ्याने तो सगळा खोलला, पुन्हा जोडला आणि बापाला म्हणाला, "आपण हेच करू. हीही नळीच आहे."

"म्हणजे दुसऱ्याचें बघून केलें," मामा म्हणाले. "पण सांगतो तरी. लपवीत नाहीं."

जपानी तिकिटांची पाकिटं येऊ लागल्यावर गल्लीलाच मामांचा संशय यायला लागला. पोस्टमन पाकीट देताना बोटं कपड्याला पुसायचा. एकदा साध्या कपड्यातले एक पोलीस गृहस्थ चौकशीला आले. मी घाबरून गेले. मामा मात्र खूश! आपल्यासारखं डोकं चालवणारं कोणी तरी या गावात आहे म्हणून त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, कॉफी दिली, सगळी पत्रं दाखवली, आणि तो जायला निघाला तेव्हा विचारलं, "तुम्ही पोलीस कशावरून?" बिचाऱ्याने खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. मामांनी ते उजेडात धरून बघितलं.

मग एके दिवशी मामा आले, दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "त्यांस विचारा, लढाईच्या दिवसांत काय करीत होते."

मी पेन खाली ठेवलं. "सुया मागणाऱ्या माणसाने हे विचारायचं नसतं मामा. त्यांना काय वाटेल?"

"काय वाटतें तेंच बघावयाचें आहे."

या वेळचं उत्तर चार महिन्यांनी आलं. टाइप केलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने सांगितलेलं थोरल्याने हाताने उतरवून घेतलं होतं. 'विमानांच्या घड्याळांसाठी बारीक पिना करत होतो. करा म्हणून सांगितलं, केल्या. नको म्हणालो नाही. शेवटच्या वर्षी कारखाना जळाला. माझी मापं मी लोणच्याच्या बरणीत घालून परसात पुरली होती. ती उकरून पुन्हा सुरुवात केली. तुम्हाला हे का हवं आहे ते मला माहीत नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो.'

मामांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "सरी, पण कां?" मात्र विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सुया आल्या. मामांनी पट्टी भिंगाखाली धरली आणि तडक माझ्याकडे आले. "हा हात निराळा आहे."

मला दोन्ही रेघा सारख्याच दिसत होत्या.

"शेवट बघा. म्हाताऱ्याची रेघ विरून जाते. ही थांबते. शेवटास जाडही होते. लिहा त्यांस. तुम्ही हात बदललांत आणि सांगितलें नाहीं. ही फसवणूक आहे."

"मी असं लिहिणार नाही."

"मग मी तमिळमध्यें लिहितों."

ते खरंच लिहितील या भीतीने मी लिहिलं, शक्य तेवढं सौम्य करून. पण 'फसवणूक' हा शब्द त्यांनी मला गाळू दिला नाही.

उत्तर थोरल्या मुलाचं होतं. वडील हिवाळ्यात गेले, आता घरात आई आणि आम्ही दोघे भाऊ. सुई मी घासली, रेघ मी काढली. गिऱ्हाइकं वडिलांच्या हातासाठी माल घेतात, कळलं तर जातील, म्हणून कोणाला कळवलं नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त तुमच्या आलं. मला लाज वाटते. सुई परत पाठवा, मी दुसरी करून देतो.

वाचून मी मामांकडे पाहिलं. ते आत गेले आणि एअरब्रश घेऊन आले. त्याला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. नळीच्या खालच्या अंगाला बारीक आकडे कोरलेले होते.

"हें रघूनें पाठविलें," ते म्हणाले.

मामांना रघुनाथ नावाचा धाकटा भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. आम्हा सगळ्यांना इतके प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला आम्ही कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. रघुनाथ लढाईच्या आधी सिंगापूरला एका फोटो स्टुडिओत कामाला गेला. तिथल्या दुकानातून हे यंत्र घेऊन त्याने गावाकडे निघालेल्या एका माणसाबरोबर दादासाठी पाठवलं. मग तिथे जपानी फौज आली आणि पत्रं थांबली. लढाई संपल्यावर तिकडून तीन माणसं परतली. एकाने सांगितलं, रघू पेनांगला आहे, लग्न केलंय. दुसरा म्हणाला, तापाने गेला. तिसऱ्याने त्याला कोलंबोच्या बोटीत बघितलं होतं.

"तिघांनीं तीन सांगितलें. तिघेही माझ्या घरीं जेवले," मामा म्हणाले. "मज खरें सांगणारा माणूस पाहिजे होता. ह्या लोकांस चार वर्षें विचारून बघितलें. खोटें बोलले, तें एकदांच. पकडल्यावर लगेच कबूल झाले. आतां विचारा."

आम्ही विचारलं. या आकड्याचं यंत्र सिंगापुरात कोणी विकलं, आणि ते घेणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं?

सात महिने काही आलं नाही. मामा रोज पोस्टमनला बघून आत जात, विचारत नसत. ते विचारत नाहीत हे बघून पोस्टमनच बेचैन झाला.

मग पाकीट आलं. जुन्या वह्या आगीत गेल्या होत्या. पण धाकटा मुलगा माल विकायला सिंगापूरला गेला तेव्हा थोरल्याने त्याला लढाईआधी आपला माल विकणाऱ्या तिथल्या एकमेव दुकानात पाठवलं होतं. म्हाताऱ्या चिनी मालकाला रघुनाथ आठवत होता. कपाळाला गंध लावणारा, दर आठवड्याला येऊन सुया बघणारा, घेणारा मात्र नाही. त्याला फौजेने सयामकडे रेल्वेच्या कामावर नेलं. त्याच्याबरोबर नेलेला दुकानातला एक गडी परत आला. त्याने रघुनाथला आपल्या हाताने पुरलं होतं. गड्याने सांगितलेलं सगळं धाकट्याने लिहून आणलं होतं, खाली त्याचा अंगठा घेतला होता. शेवटी थोरल्याने लिहिलं होतं, 'आमच्याच लोकांनी त्यांना नेलं. मी काय लिहू ते मला कळत नाही.'

मी वाचताना थांबत थांबत वाचलं. मला वाटलं, आता मामा विचारतील, गडी कोण, अंगठा त्याचाच कशावरून, चिनी माणसाला इतक्या वर्षांनी कसं आठवतं. मामा उठले. खुंटीवरचा पंचा घेऊन कावेरीच्या घाटाकडे गेले. तासाभराने आले ते नेसत्या कपड्यांनिशी नखशिखांत भिजलेले. सुतकाचं स्नान करून आले होते. त्यांनी ते खरं मानलं, हे त्यावरून मी समजले.

दहा-बारा दिवस त्यांच्या घराचं दार लोटलेलं होतं. तेराव्या दिवसानंतर ते माझ्याकडे आले आणि बाकावर बसले.

"लिहा. तुझ्या वडिलांचा हात खरा होता. तुझाही वाईट नाहीं. शेवट जवळ आला कीं तू भितोस आणि बोट सोडण्याआधीं हात थांबवितोस, म्हणून रेघ जाड होते. घाई करूं नको. शेवटपर्यंत हात चालता ठेव, ती आपोआप विरते. सुई परत पाठवीत नाहीं. मज ती चालते. रघुनाथाविषयीं तू लिहिलेंस त्यांत तुझा दोष नाहीं. आईस जप."

मी इंग्रजी करत होते. त्यांनी मध्येच थांबवलं. "वर काय लिहिलें?"

"डिअर सर."

"सर कां? मुलगा आहे तो. चिरंजीव लिहा."

"इंग्रजीत तसा शब्द नाही मामा."

त्यांनी थोडा विचार केला. मग माझ्या हातातून पेन घेतलं, 'डिअर सर' वर एक सरळ रेघ मारली आणि तिच्या वर, सावकाश, आपल्या बाळबोध अक्षरांत लिहिलं: चिरंजीव.