बारो-बारोचा डावा पाय

खेंग स्वीने फोनवर फोटोतल्या पक्ष्याच्या डाव्या पायावरचा लाल ठिपका बोटाने पुसला, तेव्हा त्याची बायको गाईक लान शेजारीच कॉफी ओतत होती.

"काय पुसलंस?"

"कचरा होता गं काहीतरी."

कचरा पुसण्यात अख्ख्या तैपिंग गावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजवर त्याने फोटोंतून विजेच्या तारा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदा तर सख्खा मेव्हणा पुसला होता. तरी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याला 'मैना अंकल'च म्हणत. त्याच्या कॅमेऱ्यात दुसरं पाखरू येतच नसे. ग्रुपच्या कॅलेंडरात त्याला कधी साधा फेब्रुवारीही मिळाला नव्हता. आज मात्र तळ्याकाठच्या झाडावर बारो-बारो! पिवळ्या डोक्याचा, गाऊन वेड लावणारा हा बुलबुल पिंजऱ्यांत हवा तेवढा, पण ह्या बाजूच्या रानात औषधालाही उरला नव्हता.

फोटो पडला आणि ग्रुप पेटला. ग्रुपप्रमुख डॉक्टर सेल्वनाथन दातांचे. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ते "आलोच" म्हणाले आणि थेट तळ्यावर आले. दुपारपर्यंत झाडाखाली तोफांएवढ्या लेन्सा लागल्या. अंगावर पानाफुलांचे कपडे चढवून सगळे दबा धरून बसले होते. आजूबाजूला पोरं आइस्क्रीम खात त्यांच्याकडेच बघत होती.

"अंकल, यंदा मुखपृष्ठ तुझंच," डॉक्टर कुजबुजले. खेंग स्वीची छाती फुगून गळ्यातला कॅमेरा आडवा झाला.

प्रत्येक जण फोटो काढत होता, फोनवर घेऊन बोट फिरवत होता आणि ग्रुपवर टाकत होता.

एवढ्यात शेजारचे मास्तर, चेगू झैनुद्दीन, रिकामा पिंजरा आणि पपईची फोड घेऊन धापा टाकत आले. ह्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शाळेत शिकवलेलं.

"माझा बारो-बारो उडाला रे सकाळी! डाव्या पायात लाल कडी आहे. पाहिलात का कुणी?"

खेंग स्वीने फोन पालथा धरला. डबा घेऊन आलेल्या गाईक लानने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"चेगू, हा रानातला आहे," डॉक्टर म्हणाले. "बघा सगळ्यांचे फोटो. कुठाय कडी?"

एवढ्या उंचावरचं चेगूंच्या डोळ्यांना दिसेना; त्यांनी पेपर तपासावेत तसे एकेक फोन तपासले. कडी नव्हती. ते मटकन बाकावर बसले. "मग माझा नव्हे. आयतं खाणारा जीव तो, त्याला साधा किडा धरता येत नाही. उपाशी मरेल रे."

गाईक लानने कोपर मारलं. "कॅलेंडर गेलं खड्ड्यात. बोल!"

"चेगू... कडी होती. मी पुसली."

डॉक्टर अचानक लेन्सचं झाकण शोधू लागले. चेगूंनी त्यांचा फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"सेल्वा, तुझ्या पक्ष्याला तर डावा पंजाच नाही."

"कडीबरोबर निघाला, चेगू."

"दातही असेच काढतोस?"

मग एकेक मान खाली गेली. सगळ्यांनीच पुसली होती.

"वर्गातही सगळ्यांचं मिळून एकच चुकायचं," म्हणत चेगूंनी शीळ घातली. पक्षी सरळ खाली आला, त्यांच्या टोपीवर बसला आणि पपईवर तुटून पडला. सवयीने सगळ्या तोफा टोपीकडे वळल्या.

खेंग स्वीला तिकडे बघवेना. त्याने तोंड फिरवलं, नजर वर गेली. शेंड्याला दुसरा बारो-बारो! खाली गेलेल्याला साद घालत होता. दोन्ही पाय मोकळे. शिळेला भीक न घालणारा, अस्सल रानातला. खेंग स्वीने श्वास रोखून एक फोटो घेतला आणि पाखरू डोंगराकडे भुर्र उडालं. बाकीचे अजून टोपीतच होते.

ह्या खेपेला त्याने फोटोला बोट लावलं नाही. पक्ष्याच्या पोटावरून गेलेली विजेची तारसुद्धा राहू दिली. ग्रुपवर टाकला.

डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं.

"वा, अंकल! पंजा शाबूत ठेवून कडी काढलीस! वर खरं वाटावं म्हणून तार तशीच ठेवलीस. आम्हालाही शिकव की."