नाना न हलता बाहेर गेले

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, याबद्दल सुसंस्कृत समाजात दुमत नाही. फक्त त्या विश्वासाचं रेकॉर्डिंग असावं आणि ते निदान महिनाभर टिकावं, एवढीच माफक अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करणारा संगणक कसा निवडावा, याचा आदर्श चार इमारतींच्या एका सोसायटीने घालून दिलेला आहे. त्या आदर्शाचं बरंचसं श्रेय सोसायटीच्या सेक्रेटरींना जातं. ते घ्यायला मात्र ते आताशा फारसे उत्सुक नसतात.

सेक्रेटरींच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांना अलीकडे विसरायला होत असे. जेवलो की नाही हे ते विसरत आणि डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधत. (चष्मा सेक्रेटरीही शोधत, पण त्यांच्या बाबतीत त्याला कामाचा ताण म्हणत.) एका सकाळी नाना फाटकाबाहेर पडले ते थेट चौकापर्यंत गेले. पहारेकऱ्याने हाताला धरून त्यांना परत आणलं, तोवर सेक्रेटरींचं धाबं दणाणलं होतं. आई गेल्यापासून घरात त्यांना 'बाळ्या' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. पुन्हा असं होता कामा नये, म्हणून त्यांनी तातडीची सभा बोलावली. विषय क्रमांक एक: नाना. विषय क्रमांक दोन: कॅमेरे.

तोवर फाटकावर जी व्यवस्था होती ती फारच मागासलेली होती. एक स्टूल आणि त्यावर पहारेकरी. नाना दिसले की पहारेकरी म्हणायचा, "नाना, कुठे निघालात? बसा की घटकाभर." नाना बसायचे, गप्पा मारायचे, गप्पांच्या नादात कुठे निघालो होतो ते विसरायचे आणि मुकाट घरी जायचे. व्यवस्था चालत होती हे खरं, पण तिच्यात गंभीर उणिवा होत्या. तिचा पुरावा मागे राहत नसे, तिला मेगापिक्सेल नव्हते आणि ती दुपारी जेवायला जात असे.

सभेला कॅमेरेवाल्याला बोलावलं होतं. त्याने सुरुवातीलाच एक अप्रस्तुत प्रश्न विचारला, "तुम्हाला नेमकं काय बघायचंय?"

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. "सगळं," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि बघणार कोण?"

हा प्रश्न विषयपत्रिकेत नसल्याने घेता आला नाही. विषय क्रमांक एकही वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला आणि तो अजून तिथेच आहे.

कॅमेरेवाल्याचं म्हणणं साधं होतं. चोवीस कॅमेरे दिवसरात्र चित्रं पाठवत राहणार, तेव्हा संगणक मध्यम चालेल, पण ती चित्रं साठवायच्या हार्ड डिस्क मोठ्या घ्या. यावर समितीला दाट संशय आला. गिऱ्हाईक समोर असताना जो माणूस स्वस्त वस्तू घ्या म्हणतो, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच. म्हणून समितीने स्वतंत्र तज्ज्ञाचं मत घेतलं. हे तज्ज्ञ तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांचा भाचा संगणक क्षेत्रात होता (संगणकाच्या दुकानात, काउंटरवर), त्यामुळे मुलं त्यांना गिगाबाइटकाका म्हणत.

काकांनी तीन सभांमध्ये हार्डवेअरचं शास्त्र उलगडून सांगितलं. प्रोसेसर सर्वांत वरचा हवा, कारण शेजारच्या सोसायटीत त्याच्या खालचा आहे. रॅम भरपूर हवी, कारण रॅम जास्त झाली म्हणून कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ग्राफिक्स कार्ड असं हवं, की त्यावर विमानाच्या लढाया खेळता आल्या पाहिजेत. "आपल्याला खेळायच्यात का?" असं एका सभासद बाईंनी विचारलं. "प्रश्न खेळण्याचा नाही, क्षमतेचा आहे," असं त्यांना सांगण्यात आलं. पेटीची एक बाजू काचेची असावी आणि आतले पंखे निळ्या दिव्यांनी झगमगावेत, हे मात्र एकमताने ठरलं. एवढं झाल्यावर मंजूर रकमेत मोठी डिस्क बसेना. म्हणून डिस्क छोटी घेतली. तशीही ती आत असते, कुणाला दिसत नाही.

असल्या संगणकाला गारवा लागतो. एसी बसवण्याजोगी खोली एकच होती, पहारेकऱ्याची. पहारेकरी बाहेर आला, यंत्र आत गेलं. पण इतकं मोलाचं यंत्र फाटकाजवळ, चोरांच्या वाटेवर ठेवायचं म्हणजे त्याला राखण हवीच. सबब पहारेकऱ्याचं स्टूल खोलीच्या दारासमोर मांडण्यात आलं, आणि कुलपावरची नजर क्षणभरही हलवायची नाही अशी त्याला लेखी ताकीद मिळाली. अशा रीतीने फाटकावर बसणारा माणूस सोसायटीच्या इतिहासात प्रथमच फाटकाकडे पाठ करून बसू लागला.

महिनाभर टिकायचं रेकॉर्डिंग चार दिवसांत डिस्कमधून उतू जाऊ लागलं. कॅमेरेवाल्याने एकेकाकडे नुसतं पाहिलं, पण त्याचं बघणं समितीला आवडलं नाही. काकांनी तोडगा काढला: काही हललं तरच यंत्राने टिपायचं. पहिल्या दिवशी यंत्राने झाडाची पानं टिपली. यंत्राची संवेदनशीलता कमी करण्यात आली. मग वाळत घातलेल्या चादरी टिपल्या, ती आणखी कमी केली. मग तळमजल्यावरची मांजर, जी दिवसभर आळोखेपिळोखे देण्यापलीकडे काही करत नाही, तिने अर्धी डिस्क खाल्ली. संवेदनशीलता पुन्हा कमी झाली. अखेर यंत्राला पक्कं कळलं की जो धावतो तोच महत्त्वाचा, बाकीचं जग स्थिर आहे. रेकॉर्डिंग महिनाभर टिकू लागलं. सेक्रेटरींनी समाधानाने अहवालावर सही केली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सेक्रेटरींच्या पत्नीने गॅलरीतून हाक मारली, "अहो, नाना खाली आहेत का?"

नाना खाली नव्हते. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कुलपाला कुणी हात लावला नाही, साहेब." त्याच्याकडे तेवढीच माहिती होती.

समिती यंत्रासमोर जमली. सकाळपासूनचं फाटक पाहण्यात आलं. चित्र इतकं सुरेख होतं की पेपर टाकणाऱ्याच्या सायकलच्या तारा मोजता येत होत्या. पेपरवाला होता, स्कूटर होत्या, एक पळणारा कुत्रा होता. नाना नव्हते.

"म्हणजे बाहेर गेलेलेच नाहीत," काका म्हणाले. "आतच शोधा."

"मी चौकात जाऊन बघते," सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या.

"वहिनी, कशाला उगाच? रेकॉर्डवर नाहीत ते."

सेक्रेटरींचा एक पाय फाटकाकडे निघाला होता. पण यंत्र त्यांच्याच सहीने आलं होतं. सगळ्यांदेखत त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? त्यांनी पाय मागे घेतला. गच्च्या पाहून झाल्या, जिने झाले, लिफ्टची खोली झाली. मग राहिली ती जमिनीखालची पाण्याची टाकी. टाकीचं झाकण सेक्रेटरींनी स्वतः उचललं. आत काळंभोर पाणी होतं. त्यांनी बॅटरी मारली आणि तिच्या उजेडाकडे बघायचा धीर त्यांना होईना.

"काय पडलंय रे, बाळ्या?" मागून कुणीतरी विचारलं.

नाना वाकून टाकीत बघत होते. ते सकाळपासून फाटकासमोरच्या न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर बसले होते. सोसायटीत इतकी पळापळ दिसली, तेव्हा कुणीतरी हरवलं असणार, आपणही शोधायला मदत करावी, म्हणून ते परत आले होते. सेक्रेटरींनी बॅटरी टाकली आणि वडिलांना मिठी मारून ते हमसून हमसून रडले. टाकीवर रोखलेला कॅमेरा क्रमांक नऊ उत्तम स्थितीत होता. पण दोघे बराच वेळ हलले नाहीत, त्यामुळे त्याचं रेकॉर्डिंग नाही.

कॅमेरेवाल्याने नंतर खुलासा केला. नाना दोन पावलं टाकतात, थांबतात, का थांबलो याचा विचार करतात, मग पुढची दोन टाकतात. यंत्राच्या दृष्टीने ते हललेच नाहीत. जाताना नाहीत, येतानाही नाहीत. समितीचा जीव भांड्यात पडला: दोष यंत्राचा नव्हता, नानांच्या वेगाचा होता. ज्येष्ठ सभासदांनी फाटकातून जाता-येताना दोन्ही हात जोरजोरात हलवावेत, असा ठराव झाला. नाना तो कटाक्षाने पाळतात. समोरून जाणारे लोकही हसून हात हलवतात आणि पुढे जातात. थांबत कोणी नाही.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी पत्नीला जरा रागानेच विचारलं, "नाना घरातून निघाले तरी कधी? कुणाला दिसले कसे नाहीत?"

"तुमच्या समोरून गेले," ती म्हणाली. "तुम्ही मोबाइलवर कॅमेरे बघत होतात."

सेक्रेटरींनी हातातला मोबाइल उपडा ठेवला. यंत्रातली संवेदनशीलता समितीने नुकतीच कमी केली होती, घरातली बरीच आधी झालेली होती, आणि तिला ठरावही लागला नव्हता.

तुमच्याही घरात खिडकीजवळ एक खुर्ची असेल. तिच्यावरचं माणूस आज सकाळी उठून कुठे गेलं, केव्हा परत येऊन बसलं, हे वाचता वाचता जरा आठवून पाहा. आठवत नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. यंत्रणा नीट चालू आहे; तुमच्या डिस्कवरची जागा वाचते आहे.