सासूबाईंच्या माशाची आंघोळ

माशाच्या टाकीची काच जरा पुसून घ्यावी, एवढंच जावईबापूंनी ठरवलं होतं. नुसती काच. पण ज्या माणसाने 'नुसतं' काही पुसायचं ठरवलंय, त्याच्या हातात बादली पडू देऊ नये, आणि त्या दिवशी ती काढून घ्यायला घरात कोणी नव्हतं. बायको दवाखान्याच्या रिसेप्शनवर ड्यूटीला गेली होती आणि जावईबापूंना सुट्टी होती.

जावईबापू एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगचे सुपरवायझर. दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि त्या बोटाकडे बघून समोरच्याचा दिवस खराब करायचा, हे त्यांचं काम. (घरीही ते हेच करायचे, फक्त घरी दिवस त्यांचाच खराब व्हायचा.) अशा माणसाच्या हॉलमध्ये आठवडाभर ती टाकी होती. हिरवट काच, शेवाळलेले खडे आणि फिल्टरमधला तो तपकिरी स्पंज. त्या स्पंजासमोर बसून त्यांना घास जात नसे.

टाकी आणली होती सासूबाईंनी. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे जाताना त्या केशरी मासा इथे ठेवून गेल्या होत्या. आता सासूबाईंचा केशरी मासा म्हणजे काही साधा मासा नव्हे. सासऱ्यांनी तो स्वतः हौसेने आणला होता, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसत. भाऊसाहेब म्हणत त्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी या जावयाच्या हाती कधी छत्रीसुद्धा विश्वासाने दिली नव्हती, आणि आता थेट भाऊसाहेब. जावईबापूंना अगदी भरून आलं होतं. आज संध्याकाळी त्या परत येणार होत्या, तेव्हा टाकी कशी लखलखली पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

मग काय, भाऊसाहेब गेले बादलीत. सगळं जुनं पाणी ओतून दिलं. खडे भांड्यांच्या साबणाने घासले. स्पंज नळाखाली धरून पिळला, पुन्हा पिळला, त्यातून नितळ पाणी येईपर्यंत पिळला. नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरून भाऊसाहेबांना आत सोडलं, फोटो काढला आणि कौतुकाच्या अपेक्षेने बायकोला पाठवला.

थोड्या वेळाने बघतात तो भाऊसाहेब पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करतायत. "भूक लागली वाटतं," जावईबापू म्हणाले आणि चिमूटभर खाऊ टाकला. भाऊसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. चव आवडली नसेल म्हणून पावाचा चुरा टाकला. तोही तळाशी गेला, पाणी गढुळलं, आणि भाऊसाहेब हळूहळू एका कुशीवर कलले. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, फोटो बघितला. किती पाणी बदललंत?" बायको दबक्या आवाजात विचारत होती.

"सगळं."

"सगळं?" मग तिकडे कोणाला तरी, "बसा हं काका, डॉक्टर येतायत," आणि पुन्हा इकडे, "मासा कसा आहे?"

"आडवा झालाय. आराम करतोय बहुतेक."

"मासे आडवे पडून आराम करत नाहीत हो."

"मी काय म्हणतो, तसाच दुसरा आणू का? केशरी मासे काय, सगळे सारखेच."

"आई लाखात ओळखेल त्याला. मीसुद्धा ओळखेन." तिचा आवाज रडवेला झाला. "बाबांचा मासा आहे तो. काहीतरी करा ना."

जावईबापू तसेच स्लिपर घालून मागच्या गल्लीतल्या माशांच्या दुकानात धावले.

"आमच्या शेजाऱ्यांनी," ते धापा टाकत म्हणाले, "सगळं पाणी बदललं. स्पंजसुद्धा धुतला."

दुकानदाराने त्यांच्या ओल्या बाह्यांकडे बघितलं. "वर येऊन तोंड उघडतोय? मग शेजाऱ्यांनी खायला घातलं असेल."

"दोनदा."

"भूक नाही, श्वास लागलाय त्याला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मारायचं औषध घ्या, हवेचा पंप घ्या. सगळं पाणी एकदम कधी बदलायचं नाही. आणि स्पंजातली ती घाण नव्हती. पाणी चांगलं ठेवणारे जंतू असतात त्यात."

"जंतू कुठे मिळतील?" जन्मभर फिनेल घेऊन जंतूंच्या मागे लागलेल्या माणसाने काकुळतीला येऊन विचारलं.

दुकानदाराने आपल्याच टाकीतून एक काळपट, बुळबुळीत स्पंज काढून पुढे केला. जावईबापूंनी तो नीट निरखला.

"याहून घाण नाही का?"

तो स्पंज दोन्ही हातांत धरून ते घरी आले तेव्हा शर्टावर पोटापर्यंत ओघळ आले होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. अर्धं पाणी काढलं, औषध घातलेलं पाणी भरलं, स्पंज बसवला, पंप लावला. मग टाकीसमोर मांडी घालून बसले. कल्ला हलतोय की नुसता बुडबुडा, तेच कळेना. बायको अर्धी ड्यूटी टाकून आली आणि पर्स खांद्यालाच ठेवून शेजारी बसली.

"भाऊसाहेब, उठा हो," जावईबापू म्हणाले. बायकोने त्यांचा ओला हात धरला. पंप बुडबुडे सोडत राहिला.

शेपटी हलली. मग भाऊसाहेब एकदा लटपटले, सावरले आणि सरळ झाले. त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

सासूबाई काळा चष्मा लावून आत आल्या आणि तडक टाकीपाशी गेल्या. वाकून बघितलं. जावईबापूंचा जीव मुठीत.

"छान आहे की," सासूबाई म्हणाल्या.

इथे बायकोला रडू फुटलं आणि तिने पहिल्या बादलीपासून सगळं सांगून टाकलं. "आज बाबांचा मासा गेलाच होता गं आई."

"बाबांचा?" सासूबाई सोफ्यावर टेकल्या. "भाऊसाहेब माझ्या घरी आहेत. शेजारीण रोज येऊन बघते. हा तिच्याकडचा, टाकीसकट. तिला नकोच होता. म्हटलं, द्या, आधी हा जावईबापूंकडे ठेवून बघते काय होतं ते."

लाखात ओळखणारी बायको डोळे पुसत माशाकडे बघत राहिली.

"पण जगवलात हो तुम्ही," सासूबाई मनापासून म्हणाल्या.

जावईबापूंचा चेहरा उजळला. "मग दुसऱ्या डोळ्याच्या वेळी भाऊसाहेबांना आमच्याकडेच ठेवा."

सासूबाईंनी जरा विचार केला. "नको. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी माझी हॉलमधली कुंडी ठेवीन तुमच्याकडे. प्लॅस्टिकची फुलं आहेत, धुतलीत तरी चालेल."