अस्वल असं फुटत नाही

जावयाने अस्वल तिसऱ्यांदा उडवलं, तेव्हा सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "असं फुटत नाही ते."

मंगळवारची दुपार सुस्तावली होती. पडद्यातून गाळून आलेलं ऊन टेबलावर लोळत होतं आणि स्क्रीनवरच्या जांभळ्या आभाळातून अस्वलं, बाहुल्या, पत्र्याची बदकं रांगेने डुलत खाली येत होती. तळाशी एक चावीची तोफ. तिने बुचं उडवायची, खेळणी फोडायची, रांग संपली की पुढची लेव्हल. पूर्वी नाणं टाकून मशीनवर खेळायचे, तसला चौकोनी ठिपक्यांचा गेम. त्यासाठी जावयाने लिफ्टच्या कंपनीतली नोकरी सोडून आठ महिने घातले होते. शुक्रवारी चार वाजता तो गेम-कंपनीच्या बाईंना दाखवायचा होता. त्यांनी नाक मुरडलं, तर पुन्हा लिफ्टच्या तक्रारी टिपत बसायचं, असा शब्द त्याने बायकोला दिला होता.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं स्वतःच्या दुकानात खेळणी दुरुस्त केली होती. चित्रांसाठी नमुने घेऊन या, म्हणून जावयाने त्यांना आपणहून बोलावलं. पायावर धोंडा पाडून घेण्याची हौस काही जणांना असतेच.

"मग कसं फुटतं, बाबा?"

"आधी कानाची शिवण उसवते. मग हात. पोट सगळ्यात शेवटी. असं धुरळा होऊन एकही अस्वल माझ्याकडे आलेलं नाही."

मुद्दा बिनतोड होता. बुधवारची सकाळ जावयाने शिवणी उसवण्यात घालवली. दुपारी सासरे पुन्हा खुर्चीला खुर्ची लावून हजर.

"आणि हे तुकडे गेले कुठं?"

"नाहीसे होतात."

"नाहीसे? अहो जावईबापू, कान आहे तो! पडेल, पलंगाखाली जाईल, पण नाहीसा कसा होईल?"

म्हणून तुकडे पडू लागले. पडले ते साचू लागले. संध्याकाळी बायको डोकावली.

"तोफ कुठंय रे?"

"खाली आहे. कानांच्या."

आता तुकडे उचलायला काहीतरी हवं होतं. उचललेले कान ठेवायचे कुठं, तर जोडायचे, त्यात काय, असं सासऱ्यांनी सांगितलं. जावयाने सुई-दोऱ्याचं बटण केलं. मग दुरुस्त खेळण्यांचा प्रश्न आला. "ज्याचं त्याच्याकडे परत. मी कधी कुणाचं ठेवून घेतलं नाही," सासरे ठणकावून म्हणाले. तेव्हापासून शिवलेली अस्वलं तरंगत वर जायची आणि रांगेच्या शेवटी शहाण्यासारखी उभी राहायची.

गुरुवारी सासरे पहिल्याच लेव्हलवर तीन तास बसले, तेव्हा जावयाच्या लक्षात आलं.

"बाबा, हा गेम संपतच नाहीये!"

"मग? काम कधी संपतं का?"

सुई-दोरा काढावा तर तोफ गाडली जात होती. कान काढावेत तर सासरे दुखावले जात होते. वरखाली जाणाऱ्या त्या खेळण्यांकडे बघता बघता जावयाचा डोळा लागला. तो स्वतःच जांभळ्या आभाळातून हलके हलके उतरत होता, एक कान लोंबत होता, आणि खाली चष्मा लावून कुणीतरी दोरा ओवत होतं. त्याला इतकं निवांत वाटलं, की जागं व्हायचं त्याच्या जिवावर आलं.

शुक्रवारी बाईंनी दहा मिनिटं दिली होती. पाऊण तास झाला, त्यांचा चहा गार झाला, तरी त्यांनी मान वर केली नाही. "एवढा एक हात लावते," असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घेतला. फक्त ती तोफ काढून टाका. उगाच कशाला फोडायचं त्यांना? नुसतं शिवू दे."

जावयाने त्या क्षणी स्वतःचे कानही काढून दिले असते. तो धावतच घरी आला. "बाबा, झालं आपलं काम! फक्त तोफ काढायची."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "मग मोडणार कोण?"

"कोणीच नाही. उसवलेलीच येतील."

"न खेळता उसवलेली?" त्यांनी स्क्रीनवरच्या अस्वलाकडे बोट केलं. "दुकानाच्या शेवटच्या वर्षात एकही खेळणं आलं नाही. सगळी घरोघरच्या कपाटांत धडधाकट बसलेली. मी रोज वाटेकडे डोळे लावून बसायचो, कुणीतरी एक कान तोडा रे. लावा त्या बाईंना फोन."

"बाबा, आत्ताच हो म्हणाल्यात त्या. कशाला..."

"लावा."

म्हाताऱ्याच्या आवाजातलं दुखणं जावयाला सोसेना. आठ महिने पाण्यात गेले असं समजून त्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाई, लहानपणचं तुमचं कुठलं खेळणं आठवतं?" सासऱ्यांनी नमस्कारही न करता विचारलं.

"घोडा," बाई गोंधळून म्हणाल्या. "लाकडी. मागचा पाय मोडला होता."

"आणि न मोडलेलं?"

"न मोडलेलं... एकही नाही आठवत." जावयाने डोळे मिटून घेतले.

"तोफ राहू दे," बाई म्हणाल्या. मग थोड्या हळू आवाजात, "तुम्ही घोडे घेता का हो दुरुस्तीला? तो आहे अजून माझ्याकडे."

"उद्या घेऊन या," सासरे म्हणाले, आणि त्यांनी जावयाचा कीबोर्ड उचलून खाली ठेवला, टेबलावर जागा केली.