वाढत्या अंगाचा शर्ट

आमच्या सोसायटीतले परबकाका भर दुकानात मुलांना उकिडवं बसवतात. नवा युनिफॉर्म घालून मूल आरशाकडे वळायच्या आत काकांचा हुकूम सुटतो, "बस खाली. ऊठ. दोन्ही हात वर. आता वाक, बुटाची नाडी बांध." एवढं होऊनही शर्ट पँटीच्या बाहेर आला नाही आणि बाह्या कोपराच्या खाली राहिल्या, तरी काकांचं समाधान होत नाही. ते दुकानदाराला सांगतात, "आणखी एक नंबर वर दे."

काका पालिकेतून निवृत्त झालेत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. चारकोपला आमच्या समोरच्या दारात ते, त्यांची मुलगी रूपाली, जावई आणि नातू सोहम असे राहतात. मे महिना संपत आला की सोसायटीतले आईबाप काकांना घेऊन बोरीवलीला युनिफॉर्म घ्यायला जातात. घेऊन जातात म्हणजे काय, आपण गुपचूप निघालो तरी काका चपला घालून जिन्यात उभे असतातच.

माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा मीही त्यांच्या तावडीत सापडले. तिच्या शर्टाचा खिसा पोटावर आला होता. बाई पहिल्या दिवशी तिचा बिल्ला छातीवर शोधत राहिल्या. मी तक्रार केली तर काका म्हणाले, "वाढतली गो, वाढतली! पोर काय याच वर्षापुरती आहे?" पोरगी वाढली, पण शर्ट अंगाला येईपर्यंत त्याची कॉलर विरली होती.

फ्रॉक आणि स्कर्टांना काका खाली चार बोटं दुमड घालायला लावतात. दरवर्षी ती थोडी उसवायची. उसवली की आतला न विटलेला निळा पट्टा बाहेर येतो. आमच्या सोसायटीत स्कर्टावरचे पट्टे मोजून मुलगी कितवीत आहे ते सांगता येतं.

एका वर्षी मात्र शाळेने शर्टाची चौकडीच बदलली. काका तडक मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. म्हणाले, "बाई, आमची पोरं अजून जुन्या शर्टात पोचली नाहीत आणि तुम्ही नवा काढता?" बाईंनी त्यांना पाणी दिलं, समजावलं. पुढचा आठवडाभर काका घरात सुतक असल्यासारखे वावरत होते.

या सगळ्याचा खरा जाच सोहमला. पोरगा मुळातच लहानखुरा. त्याच्या शर्टाचे खांदे दंडावर येतात, बाह्यांतून नुसती बोटं दिसतात. गेल्या वर्षी कवायतीच्या कार्यक्रमात सरांनी त्याला शेवटच्या रांगेत कोपऱ्यात उभं केलं, कारण हात वर केला की बाही खाली घसरायची आणि आख्खी रांग हसायची. यंदा त्याने घरात जाहीर केलं, "मापाचा शर्ट नसेल तर मी शाळेत जाणार नाही." आणि पोरगा आजोबांइतकाच हट्टी आहे.

तेव्हा यंदा रूपालीने हाफ डे घेतला आणि ती स्वतः काकांबरोबर दुकानात आली. माझीही खरेदी होतीच. सोहम काउंटरसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. उकिडवा बसेना, हात वर करेना.

"आजोबा, मी नाही वाढत. चार वर्षं बघतोयस ना तू?"

"वाढतलंस मेल्या! तू मामावर गेलायस."

"बाबा, बस ना आता," रूपाली म्हणाली. "वाट लागलीय त्याची शाळेत."

मापाची टेप गळ्यात घातलेले शेठ मध्ये पडले. त्यांनी बुटक्या काकांकडे बघितलं, रूपालीकडे बघितलं. "काका, मामा एवढा उंच आहे काय?"

"आहे तर!"

"केवढा?"

काकांनी हात स्वतःच्या कानाशी नेला. मग थोडा वर केला. मग आणखी थोडा. हात तिथेच हवेत राहिला.

मामा म्हणजे काकांचा मुलगा संदेश. बारावीनंतर त्याला हॉटेलचं शिक्षण घ्यायचं होतं. काकांना ते मान्य नव्हतं. बापलेकांचं असं वाजलं की पोरगा हैदराबादला निघून गेला, तो परत चारकोपला आला नाही. बहिणीशी आणि भाच्याशी फोनवर बोलतो, बापाचं नाव काढत नाही. बापही काढत नाही. गेला तेव्हा तो काकांच्या कानाला लागत होता आणि अजून वाढत होता.

"नक्की माहीत नाही," काका शेवटी म्हणाले.

"मग विचारूया ना," असं म्हणत सोहमने आईच्या हातातून फोन घेतला. रूपाली नको नको म्हणेपर्यंत स्पीकर चालू झाला होता.

"मामा, तुझी उंची किती?"

"पाच दहा. का रे? कोणाला पाहिजे?"

सोहम आजोबांकडे बघायला लागला. रूपालीने फोन घ्यायला हात पुढे केला, पण काकांनी तो आधीच घेतला होता.

"मीच विचारतंय रे," काका म्हणाले.

फोन कट झाला असं मला वाटलं. मग काका म्हणाले, "जेवलंस?" आणि फोन कानाला लावून दुकानाच्या पायऱ्या उतरले.

रूपालीने डोळे पुसले आणि मापाचा शर्ट बिलाला लावला. काचेतून काका दिसत होते. फुटपाथवर एका जागी उभे, मान खाली. ते फार कमी बोलत होते, ऐकतच होते.

बऱ्याच वेळाने आत आले. पिशवीत कितवा नंबर आहे ते त्यांनी विचारलंही नाही. फोन रूपालीला देऊन स्टुलावर टेकले.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"आवाज बदललाय गो त्याचा," काका म्हणाले. "माझ्या बापासारखो झालोय."