कॉम्प्युटरपुढचा कदमताल

कॉम्प्युटरपुढं कदमताल करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हवालदार सूर्यवंशी. एंटर दाबायचं, दोन पावलं मागं सरायचं आणि पडद्यावर उत्तर येईपर्यंत जागच्या जागी पाय आपटायचे. उत्तर आलं की थांबून रजिस्टरात लिहायचं : 'सकाळी नऊ. सहा कदम.'

"हवालदार, मनगटावर घड्याळ आहे की तुमच्या," मी एकदा म्हणालो.

"घड्याळ मागं पडतंय सायेब. पाय न्हाई पडत. मिन्टाला एकशेवीस म्हंजे एकशेवीस!"

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. तिथं युनिक्सवर चालणारं, दोन प्रोसेसरांचं मशीन आलं आणि त्याचा इनचार्ज म्हणून मी. मी सांगलीचा, नवाकोरा इंजिनिअर. आपल्याला सगळं येतं, याबद्दल निदान माझी तरी खात्री होती.

हवालदार कुंडलचे. बायको, म्हणजे आमच्या काकू, गावाकडं; हे इथं खोली घेऊन एकटे. बावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढलेली. माजी सैनिक म्हटला की कारखानेवाले त्याला गेटवर उभा करतात. यांनी टेलिप्रिंटर चालवलेला, म्हणून हे तेवढे कॉम्प्युटर रूममध्ये आले. त्याचा त्यांना कोण अभिमान! देवळात शिरावं तसे बूट पुसून आत यायचे. दोन प्रोसेसरांना ते 'दोन संतरी' म्हणत. "एक थकला तर दुसरा हाय. लय इचार करून बनवलंय गड्यांनी."

पण हे संतरी आम्हाला दगा द्यायला लागले. सकाळी पळणारं मशीन दहानंतर रांगायचं. गेटपास छापून निघायचे नाहीत आणि ट्रकवाले खिडकीशी उभे राहून माझ्या घराण्याची चौकशी करायचे. मी कॅबिनेट उघडून धूळ काढली. विजेला दोष दिला. एसी इतका वाढवला की आम्हीच कुडकुडायला लागलो. मशीन ढिम्म.

माझ्याकडं पुरावाही होता. मी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम दिवसभर माझ्या टर्मिनलवर चालू असायचा. प्रत्येक प्रोसेसर किती राबतोय, ते दाखवणाऱ्या दोन पट्ट्या त्यात वरखाली नाचायच्या. पाहुणे आले की आधी मी त्यांना तेच दाखवायचो. त्यातली एक पट्टी कायम टोकाला टेकलेली. "बघा!" मी सगळ्यांना सांगायचो, "एक प्रोसेसर उगाच भरलेला असतो. मशीनच सदोष आलंय."

पुण्याहून इंजिनिअर बोलावला. मी माझं टर्मिनल मोकळं करून खुर्ची त्याला दिली. तो तिथं दिवसभर बसला आणि मशीन दिवसभर हरणासारखं पळालं. माहेरचा माणूस आल्यावर सासुरवाशीण हसतमुख दिसते, तसं. त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि संध्याकाळची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा रांगणं सुरू.

शेवटी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. शनिवारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर मशीन परत, कॉम्प्युटर रूम बंद. मी ड्रॉइंग विभागात. "आणि सूर्यवंशी, तुम्हाला गेटवर घेऊ."

"यस सर," हवालदार म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

शुक्रवारी दुपारी ते रजिस्टर घेऊन माझ्यापुढं अटेन्शनमध्ये उभे राहिले.

"सायेब, राग धरू नगा. ह्यात तुमीच हायसा."

"कशात?"

"तुमी सांगलीला लग्नाला गेलासा, दोन दिस सहा कदम. पुण्याचा सायेब तुमच्या खुर्चीत बसला, तवा सहा. तुमी दहाला येताय, सव्वादहाला चौदा. मशीन तुमाला बघून दमतंय."

"म्हणजे माझा पायगुण वाईट?"

"तुमचा न्हाई, त्या नाचऱ्या पट्ट्यांचा. तुमी आला की आधी त्याच लावताय. जरा बंद करा बरं."

मी हसत, त्यांचं मन राखायला म्हणून, प्रोग्रॅम बंद केला. त्यांनी एंटर दाबलं. एक, दोन, तीन... सहाव्या कदमावर उत्तर हजर.

मी कोड उघडला आणि मला घाम फुटला, त्या थंडगार खोलीत. एकदा मोजलं की क्षणभर थांब, हे सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती! माझा पहारेकरी श्वास न घेता मोजत बसलेला आणि एक अख्खा प्रोसेसर तोच खात होता. जी पट्टी मी जगाला चोर म्हणून दाखवत होतो, ती माझीच होती.

शनिवारी मोठे साहेब आले. "काय निघालं?"

मी तोंड उघडणार, तोच हवालदारांनी माझ्या पायावर बूट ठेवला. फौजेचा बूट होता, मी गप्प बसलो.

"एक फालतू काम आत अडकलं हुतं सर. सायबांनी हुडकून काढलं."

मशीन राहिलं. हवालदारही राहिले. साहेब गेल्यावर मी विचारलं, "हवालदार, असं का केलंत? सगळं श्रेय तुमचं होतं."

"मला काय करायचंय त्येचं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग जरा घुटमळले. "एक परवानगी पायजे हुती सायेब. सुट्टीच्या दिवशी मंडळींना आणू का हितं? बावीस वर्सं कुठं हाय, काय करतोय, कायबी दावता आलं न्हाई. घरी धाडायच्या कागदावर गावाचं नावसुदिक लिवायची बंदी. आन् गेटवर बघितलं असतं, तर म्हणली असती, अजून पहाऱ्यावरच हायसा व्हय."

रविवारी गावाहून काकू आल्या. नवं लुगडं, हातात भाकरीचं गाठोडं. हवालदार मशीनची एकेक गोष्ट सांगत होते, दोन संतरी, दिवे, तारा. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघत होता. काकूंचं मशीनकडं लक्षच नव्हतं.

"आवं, तुमी बसता कुठं?"

हवालदारांनी कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची दाखवली. काकूंनी ती पदरानं पुसली, तिच्यावर बसल्या आणि सगळ्या खोलीवरनं सावकाश नजर फिरवली. दार, खिडकी, टेबल.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमची आठवण आली की कुठं बघायचं, ते कळंल."