बाकावरचा जावई

हेमकांतने त्या रविवारी तसं काहीच केलं नाही. लॅपटॉपची वायर हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडली, इतकंच. एवढ्याशा कामापायी माणसाच्या डोक्यावरचा फेटा जाऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. (ममताने सांगितलं होतं. पण बायकोचं सांगणं तो सांगण्यात धरत नसे.)

आधी फेट्याचं सांगायला हवं. ममताच्या भावाचं, भाग्येशचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. वरात निघायच्या आधी मांडवात जावयांना फेटे बांधतात, आणि पहिला फेटा कुणाच्या डोक्यावर चढला हे आमच्याकडचे लोक नवरीचं नाव विसरले तरी विसरत नाहीत. थोरला जावई म्हणून तो मान हेमकांतचा. पण धाकटा जावई चुडामण त्यावर डोळा ठेवून होता, आणि हेमकांतच्या नावावर एक डाग होता. सासऱ्यांच्या, लोटन तात्यांच्या साठीला तात्यांची थोरली बहीण छबूआत्या हिला शहाद्याच्या एसटी स्टँडवरून आणायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. गडी वेळेवर पोचला, बाकावर बसला आणि मोबाईलवर फुटबॉल खेळू लागला. आत्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोन तास बसून होती. तेव्हापासून आत्या त्याला नावाने हाक मारत नसे, 'बाकडावरना जवाई' म्हणे.

"ह्या खेपले नीट ऱ्हावा," तात्यांनी बजावलं होतं. "पहिला फेटा तुमना."

आता फुटबॉलचं. पंचवीस वर्षांपूर्वी नंदुरबारला होस्टेलात असताना हेमकांत आणि नवापूरचा दानियल, दोघं कॉलेज सोडून व्हिडिओ गेमच्या गाळ्यात बसायचे. फुटबॉलचा तो एकच गेम. खेळाडूंची तोंडं चौकोनी, कॉमेंटरी जपानीत. ते मशीन कधीच भंगारात गेलं, पण एम्युलेटर म्हणून एक सॉफ्टवेअर निघालं आहे, ते नव्या लॅपटॉपला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतं. (हेमकांत स्वतः कचेरीत कारकुनीचं सोंग घेत असल्यामुळे ही कल्पना त्याला चटकन समजली.) लॉकडाऊनपासून दर रविवारी तो शहाद्याहून आणि दानियल नवापूरच्या आपल्या पोल्ट्रीतून, इंटरनेटवर हाच गेम खेळत. वर्षाला एक फायनल. बक्षीस म्हणजे होस्टेलच्या मेसमधून पळवलेला स्टीलचा ग्लास. तो ग्लास पहिल्या वर्षापासून दानियलकडे होता आणि त्याने तो कोंबड्यांचं खाद्य मापायला घेतला होता, हे हेमकांतच्या जिव्हारी लागलेलं.

एकदा दानियल हरायला आला असताना त्याच्याकडची लाइट गेली आणि मॅच रद्द झाली. तेव्हा हेमकांतनेच नियम केला: ज्याची लाइन तुटेल, तो हरला.

गेममध्ये खेळाडूंची नावं बदलता येतात, आठ इंग्रजी अक्षरांपर्यंत; वेग, राग यांनाही एक ते नऊ आकडे देता येतात. दोघांनी आपापली सासरवाडी मैदानात उतरवली होती. हेमकांतने सासूबाईंना, मंगलाबाईंना, गोलकीपर केलं. त्यांच्या दारातून परवानगीशिवाय मांजर आत गेलेलं नाही. 'बाई' मावेना, म्हणून नुसतं 'मंगला' लिहिलं. (सासूला एकेरीत हाक मारायची त्याची आयुष्यातली ही एकमेव सोय.) तात्या बचावात, वेग दोन. छबूआत्या पुढे, नऊ नंबर, राग नऊपैकी नऊ. गेममध्ये अंबाडा नव्हता, म्हणून तिला टक्कल दिलं. कप्तान स्वतः हेमकांत. आणि चुडामण राखीव, बाकावर. वेग एक.

तर तो रविवार. लॅपटॉपचा पडदा चार दिवसांपूर्वी काळा पडला होता, म्हणून मोठा टीव्ही. वायर ढिली बसत होती, तिच्याखाली भाग्येशच्या लग्नाची पत्रिका घडी घालून खोचली. खेळायच्या रिमोटमधले सेल संपले होते, ते टीव्हीच्या रिमोटमधून काढून घातले. लग्नाच्या खरेदीसाठी सासरची मंडळी हेमकांतकडेच उतरली होती, ती ममतासकट सकाळी दहालाच बस्त्याला बाजारात गेलेली. लग्नाचे कपडे घ्यायला अख्खं खानदान एका दुकानात बसलं की दिवे लागल्याशिवाय उठत नाही, हा हेमकांतचा अनुभव. तोही गेला असता, पण त्याने पोटाचं कारण सांगितलं होतं.

चारला फायनल सुरू झाली. विसाव्या मिनिटाला छबूआत्याने तिघांना आडवं पाडून गोल मारला. एक-शून्य! हेमकांत लुंगी सावरत सोफ्यावर नाचला.

"हेम्या, नशीब रे नुसतं," स्पीकरमधून दानियल म्हणाला.

आणि तेवढ्यात दार उघडलं.

त्याचं असं झालं होतं की, दुकानात छबूआत्यापुढे मानाची म्हणून जी साडी टाकली, ती तिने मागच्या लग्नात नाकारलेलीच निघाली. आत्या उठली. तिच्यामागे अख्खा बस्ता उठला. आता अकरा माणसं हॉलच्या दारात उभी होती.

हेमकांतने टीव्हीचा रिमोट दाबला. त्यात सेल कुठले! स्विच बंद करावा तर बॅटरी मेलेला लॅपटॉप त्याच बोर्डावर, लाइन तुटणार, नियम स्वतःचाच. वायर काढावी तर पडदा काळा, आंधळ्याने गोल कसा राखायचा? फेटा की ग्लास? शहाण्या माणसाने तेव्हाच वायर उपटली असती. हेमकांतने पॉज दाबला.

पॉज दाबला की त्या गेममध्ये संघाची यादी येते. पंचावन्न इंचांवर ती चांगलीच मोठी दिसते.

"दाजी, हाई काय शे?" भाग्येशने विचारलं.

"कचेरीनी यादी शे. सोमवारले द्यानी शे."

"कचेरीनी यादीमा आत्यानं नाव? छबू, नऊ नंबर, राग नऊ?"

ममताने कपाळाला हात लावला आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बायकोला आधी कळतं.

"दुसरं काय लिखेल शे?" मंगलाबाई पुढे आल्या.

"आई, तू पन शे. नुसतं 'मंगला' लिखेल शे," भाग्येश म्हणाला.

मंगलाबाईंनी हेमकांतकडे मान वळवली.

"आठच अक्षरं मावतात, आई," हेमकांत पुटपुटला.

मंगलाबाई पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वरीस व्हयनात, तुमना तात्यानी कधी मन्हं नाव लिधं नही. 'ओ', 'आयकस का', बस. टीव्हीवर देखा कसं मस्त दिसस." आणि भाग्येशकडे वळून, "मी काय करस आठे?"

"दारमा उभी ऱ्हास. कोनले आत येऊ देत नही."

"मंग बरोबर शे," म्हणत त्या सोफ्यावर बसल्या.

हेमकांतच्या जिवात जीव आला. त्याने खेळ सुरू केला, आणि छबूआत्याने स्वतःला पाहिलं. टक्कल, हाफचड्डी, पाठीवर नऊ. अडुसष्ट वर्षांची बाई टीव्हीला नाक लावून उभी राहिली. हेमकांतने देवाचं नाव घेतलं.

"मी शे हाई?"

"हो, आत्या. गोल तुम्हीच मारला."

"काय पळस वं मी!" आत्या ओरडली. "देखा, गुडघा बिलकुल दुखत नही! पाड त्याले, पाड!"

अर्ध्या मिनिटात सगळी माणसं खाली बसली होती. चड्डीचं कुणाला काही नव्हतं. हेमकांतला वाटलं, सुटलो. तेव्हा मागून चुडामणने घसा खाकरला.

"अन मी कोठे शे?"

भाग्येशने पडद्याच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बोट दाखवलं. चुडामणने चष्मा पुसून घातला. "माले बाकडावर कसाले बसाडं? बस्तामा भी माले मांगे दारमा, चपलासपाशी बसाडं, आठे भी बाकडावर?"

"कप्तान कोन शे?" हा तात्यांचा आवाज.

"मी, तात्या."

"आनि मी मरी गऊ का?"

झालं. खेळात घेतलं म्हणून कुणी चिडलं नाही, जागा कुठली दिली यावरून मात्र घर पेटलं. एका चुलतसासऱ्यांना दोन नंबर नको, एक हवा. त्यांच्या बायकोला यादीत मंगलाबाईंच्या मागचा नंबर नको होता, "तिन्हा मांगे आयुष्यभर उभी ऱ्हायनू" म्हणाली. हेमकांतने पुन्हा पॉज दाबला.

"पॉज काढ रे!" दानियल ओरडला. "पाचला माझ्या कोंबड्यांना खाद्य टाकायचंय!"

"कोन शे हाऊ? त्याले सांग, आठे बैठक चालू शे," तात्या म्हणाले. गावच्या भांडणांत तीस वर्षं पंचाईत केलेला माणूस. मांडी घालून बसले आणि निकाल दिला: कप्तान तात्या. चुडामण आत. आता एक जण बाहेर जायला हवा.

सगळ्यांनी एकदम हेमकांतकडे पाहिलं.

"बाकडावरनाले बाकडावर बसाडा," छबूआत्या म्हणाली. "त्याले सवय शे."

स्वतःच्या बोटाने हेमकांतने हेमकांतला बाहेर काढलं. चुडामण मैदानात आला, एका वेगाने बॉलकडे निघाला, आणि पोचेपर्यंत बॉलच त्याच्या पायावर आपटून मंगलाबाईंच्या जाळ्यात गेला. एक-एक.

"मी इतला हळू का पळी ऱ्हायनू?" चुडामण किंचाळला.

भाग्येशने शोधून काढलं. "तुमना वेग एकच लिखेल शे."

"कोनी लिखा?"

याचं उत्तर कुणाला शोधावं लागलं नाही.

शेवटी पेनल्ट्या. सासरवाडीचे चार गोल, नवापूरचे तीन, आणि नवापूरची एकच किक उरलेली. अडवली तर ग्लास शहाद्याला. हेमकांतने रिमोट सरसावला. मंगलाबाईंनी हात पुढे केला.

"आना आठे. दारमा मी उभी शे ना? मंग तुम्ही कसाले दाबतस?"

"आई, डावीकडे किंवा उजवीकडे उडी मारावी लागते."

"मी कसाले उडू? मन्हं घर शे, मी उभी ऱ्हासू." रिमोट मांडीवर ठेवून त्यांनी पदर खोचला. "मारनारी कोन शे?"

"ठकुबाई!" भाग्येशने पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं.

"कोन वं हाई ठकुबाई?" मंगलाबाई गरजल्या. "ठकुबाई, ये पुढे!"

स्पीकरमध्ये नवापूरला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लांबून एक बाई बोलली, "दानियल, मला कोण बोलवतं?"

"कोणी नाही, आई. तुम्ही अंडी भरा."

ठकुबाई म्हणजे दानियलची खरीखुरी सासू. शेडच्या दारात ट्रे भरत बसलेली. पावलं जवळ आली.

"हे माझं नाव ना रे? शाळेत गेलेय मी. आणि ही चड्डीतली कोण?"

"आई, ते—"

पाठीत बसलेला धपाटा शहाद्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला. दानियलचं बोट बटणावर पडलं, दिशा द्यायची राहून गेली. बॉल सरळ मधोमध आला. मंगलाबाई मधोमध उभ्या होत्या. बॉल त्यांच्या पोटावर आपटून खाली पडला.

हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की शेजारचे बघायला आले. आयुष्यात पहिल्यांदा हेमकांत जिंकला होता, तोही स्वतः मैदानात नसताना, आणि शेवटी इकडून कुणीही काहीही न दाबता.

"जिंकलो, तात्या!" तो ओरडला.

तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तुम्ही नही. जिंकनी ती मंगला."

मंगलाबाईंनी चटकन तोंड फिरवलं आणि उगाच पदर डोक्यावरून ओढला. छबूआत्या तोंडाला लुगडं लावून हसत सुटली. या गडबडीत तात्यांनी पुढचं वाक्य बोलून टाकलं, ते हेमकांतखेरीज कुणी नीट ऐकलंही नाही. "चुडामणवर अन्याव व्हयना. पहिला फेटा त्यानाच."

लग्नात फेटे बांधणारा हेमकांतपर्यंत पोचला तेव्हा कापड संपलं होतं. त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. फोटोत तो नुकता न्हाऊन आल्यासारखा दिसतो.

ग्लास आला. मंगलाबाई आता दर रविवारी चारला थोरल्या लेकीकडे येतात आणि त्याच ग्लासातून चहा पिऊन खेळायला बसतात. पलीकडे नवापूरला ठकुबाई. दोघींनी आपापले जावई बसवून ठेवले आहेत. दानियल अंडी भरतो. आणि लग्नाच्या पत्रिका संपल्यामुळे हेमकांत टीव्हीच्या मागे, भिंतीला चिकटून, ती ढिली वायर बोटाने दाबून धरतो. तिथून पडदा दिसत नाही. परवा न राहवून त्याने विचारलं, "आई, स्कोर काय झाला?"

"जवाईबुवा," पडद्यावरची नजर न हलवता मंगलाबाई म्हणाल्या, "बाकडावरना मानूसनी बोलू नही. वायर हालस."